सतरा नंबरच्या गँगचा मुकादम

नाथाजी थोरात मूळचा आष्ट्याचा. घरची ऊसशेती होती, पण मळा एक आणि भाऊ दोन. थोरला लालासाहेब त्या मळ्यात असा काही पाय रोवून बसला होता की धाकट्याला तिथं स्वतःचं म्हणून करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पाण्याची पाळी थोरला ठरवायचा, गुऱ्हाळाला माणसं थोरला सांगायचा, बैल विकायचा की ठेवायचा तेही थोरलाच बघायचा. भांडण असं कधी झालं नाही. एकेचाळीस साली पलटणीची भरती करणारे लोक इस्लामपुरात आले, तेव्हा नाथाजी रांगेत जाऊन उभा राहिला आणि रूळ टाकणाऱ्या एका कंपनीतून थेट इराकात बसऱ्याला गेला.

तिथं त्यानं वर्ष-दीड वर्ष वाळवंटात रूळ टाकले. हुशार होता, चार बुकं शिकलेला होता, लवकर नाईक झाला. मग एके दिवशी दगडाला लावलेला सुरुंग वेळेआधी उडाला. नाथाजी त्याला डावी बाजू देऊन उभा होता. अंगाला फारसं लागलं नाही, पण दोन्ही कानांत भुंगे गुणगुणायला लागले. उजव्या कानातले आठवड्यानं थांबले. डाव्यातले महिन्यानं थांबले आणि जाताना त्या कानाचं ऐकणंही घेऊन गेले.

पलटणीनं त्याला घरी पाठवलं. लढाईवरून आलेल्यांना त्या वेळी रेल्वेत जागा मिळत होत्या, त्यानंही अर्ज केला. रेल्वेच्या डॉक्टरनं खिशातलं घड्याळ काढून आधी उजव्या कानाशी धरलं, मग डाव्या. दोन्ही वेळा नाथाजीनं मान डोलावली. डॉक्टरला पुढची चाळीस माणसं तपासायची होती, त्यानं शिक्का मारला. ही गोष्ट नाथाजीच्या बायकोला, विजयमालाला तेवढी ठाऊक होती. ती बोलायचं झालं की त्याच्या उजव्या अंगाला येऊन बसायची.

त्रेचाळीसच्या दिवाळीनंतर त्याची नेमणूक झाली ती लोणंद आणि सालपे या स्टेशनांच्या मधल्या सतरा नंबरच्या गँगवर, मुकादम म्हणून. आष्ट्याच्या माणसाला तो मुलूख उजाडच वाटला. हुलगे-मटकीची रानं, बोडके माळ, कुठंतरी एखादं बाभळीचं झाड. गँगमध्ये बारा माणसं, त्यातली बरीचशी धनगरांच्या घरची. त्यांच्या वाडवडिलांनी मेंढरांमागं कोकणापर्यंत पाय झिजवले होते. या पिढीनं थोडी शेती धरली होती आणि रुळावरची नोकरी. कुणी वीस वर्षं त्या लायनीवर होतं, कुणी पंचवीस.

त्यांच्यात कोंडीबा हा चावीवाला. रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून तो चार मैल रूळ चालत जायचा, रूळ जागी धरणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या असल्या तर ठोकून घट्ट करायचा आणि कुठं काय बिघडलंय ते येऊन सांगायचा. आधीचा मुकादम पेन्शनीत निघाल्यावर कोंडीबाच त्याच्या जागी येणार असं सगळ्यांनी धरलेलं होतं. पण मुकादमाला रिपोर्टाचं बुक लिहावं लागतं आणि कोंडीबाला अक्षर येत नव्हतं. म्हणून रेल्वेनं नाथाजीला पाठवलं. मुकादमाच्या खोलीसमोर नव्या माणसाचं सामान उतरलं, तेव्हा हात लावायला कुणी आलं नाही.

नाथाजीनं पहिल्या दिवसापासून पलटणीची शिस्त लावली. सकाळी शिट्टी, मग रांग, मग हजेरी. आधीच्या रीतीप्रमाणं माणसं कामाच्या जागी आली की पाच-दहा मिनिटं उकिडवी बसायची, तंबाखू मळायची, काहीबाही बोलायची. त्यानं ते बंद केलं. आणि दुसरी एक गोष्ट बंद केली ती तात्याबाची साद.

तात्याबा पन्नाशीचा, अंगानं वाळका, एका डोळ्यात फूल पडलेला. रूळ उचलायचा झाला की तो टोकाला उभा राहून साद घालायचा. ‘धरा रं गड्यांनू,’ म्हणायचा, बाकीचे ‘हं’ म्हणायचे. ‘म्हस बसली चिखलात,’ ‘हं.’ ‘शेपूट धरून उठवा,’ ‘हं.’ त्या तिसऱ्या ‘हं’ला रूळ जमिनीवरून सुटायचा. नाथाजीला हा पोरखेळ वाटला. बसऱ्याला एक-दोन-तीन म्हणून हजारो रूळ उचलले होते, इथं म्हशीचं काय काम? त्यानं सांगितलं, की यापुढं मी एक-दोन-तीन म्हणणार, तिनाला उचलायचं.

माणसांनी ऐकलं. पण काम काही नीट होईना. रूळ उचलताना एक टोक आधी वर यायचं, एक मागं राहायचं. पूर्वी ज्या कामाला दुपार व्हायची त्याला आता संध्याकाळ व्हायला लागली. नाथाजीला वाटलं, मुद्दाम करतात. गँगला वाटत होतं की या मुकादमाला माज आहे. कारण त्यांच्या बाजूनं पाहिलं तर असं होतं, की हा माणूस कधी बोलण्याला उत्तर द्यायचा, कधी सरळ तोंड फिरवून पुढं जायचा. अर्जुनाची बायको बाळंत झाली, त्यानं सुट्टी मागितली. नाथाजीनं मानसुद्धा वळवली नाही. अर्जुना त्याच्या डाव्या हाताला उभा होता हे नाथाजीला कळलंच नाही, आणि न कळण्याचं कारण अर्जुनाला कळायला मार्ग नव्हता.

असे चार-पाच महिने गेले. चव्वेचाळीसच्या चैत्रात सालप्याच्या अलीकडं एक झिजलेला रूळ बदलायचा होता. ऊन असं की लोखंडाला हात लावला तर कातडी सोलून निघावी. दहा जणांनी चिमट्यांनी रूळ उचलला, चार पावलं नेला. आता खालच्या लाकडी स्लीपरवर ठेवायचा. तेवढ्यात तात्याबाचा पाय खडीवरून घसरला आणि रुळाखाली गेला. त्याच्या शेजारचा बाळासो जोरात ओरडला, ‘थांबा, थांबा.’

बाळासो नाथाजीच्या डाव्या अंगाला होता. नाथाजीची नजर पलीकडच्या टोकावर होती. त्यानं हात खाली केला आणि म्हणाला, ‘सोड.’

पलीकडच्या पाच जणांनी सोडला. अलीकडच्यांना मग तो धरता येणं शक्यच नव्हतं.

तात्याबा नुसता खाली बसला आणि आपल्या पायाकडं बघत राहिला. त्याला हातांचा पाळणा करून लोणंदला नेला, तिथून गाडीनं मिरजेच्या दवाखान्यात. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

त्या दिवसापासून गँग मुकादमाशी कामापुरतंही बोलेना. बाळासो वस्तीवर सगळ्यांना सांगत होता, ‘मी घसा फाडून थांबा म्हनलो. पार सालप्याला ऐकू गेलं आसंल. ह्यानं ऐकलं आन् वर सोड म्हनला.’ नाथाजीच्या खोलीपासून विहीर पन्नास पावलांवर. विजयमाला पाण्याला गेली की बायका आपापल्या घागरी उचलून निघायच्या. तिसऱ्या दिवशी ती नवऱ्याला जेवायला वाढून त्याच्या उजव्या बाजूला बसली.

‘उद्या साहेब येनार हाय म्हनं चौकशीला.’

‘येनार हाय.’

‘काय सांगनार तुमी?’

नाथाजी भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, ‘कानाचं सांगितलं तर नोकरी जाईल. परत दादाच्या मळ्यात जायाचं का?’

‘ते मला कळत न्हाई,’ विजयमाला म्हणाली. ‘पर हितल्या मानसांनी तुमाला माजोरी म्हनायचं का भैरा म्हनायचं, तेवढं तुमी ठरवा. दोन्हीतलं येक ते म्हननारच.’

चौकशीला आलेल्या इन्स्पेक्टराला गँग ट्रॉलीवाला साहेब म्हणायची, कारण तो चार माणसांनी ढकललेल्या ट्रॉलीवर डोक्यावर छत्री धरून यायचा. पुण्याकडचा, कमी बोलणारा गृहस्थ. त्यानं गँगला रुळाच्या कडेला ओळीनं उभं केलं आणि अपघात कसा झाला ते विचारलं.

नाथाजी मनाची तयारी करून उभा होता. आता बाळासो बोलणार, मग एकामागून एक सगळे बोलणार. पण बाळासो खाली बघत राहिला. कोंडीबा एक पाऊल पुढं आला.

‘रूळ निसटला, साहेब.’

‘कुणाच्या हातून?’

‘सगळ्यांच्याच. ऊन लय हुतं. हाताला घाम.’

साहेबानं ओळीतल्या प्रत्येकाकडं पाहिलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. निसटला. बाळासोही तेच म्हणाला. गँगमधलं भांडण गँगमध्ये, साहेबापुढं आपलं माणूस उघडं पाडायचं नाही, ही त्यांची जुनी रीत होती. त्या रीतीत हा नको असलेला मुकादमसुद्धा त्यांनी धरला होता. नाथाजीला हे अजिबात अपेक्षित नव्हतं. तो जे बोलला ते रात्री ठरवलेलं होतं की तिथल्या तिथं सुचलं, हे त्याला पुढंही कधी नीट सांगता आलं नाही.

‘निसटला न्हाई, साहेब,’ तो म्हणाला. ‘मी सोड म्हनलो म्हनून त्यांनी सोडला. बाळासो थांबा म्हनत हुता. मला ऐकू आलं न्हाई. माझा डावा कान बसऱ्याला गेला. भरतीच्या वक्ताला मी डागदरला खोटं सांगितलं.’

अर्जुनानं एकदा कोंडीबाकडं पाहिलं. साहेबानं वही बंद केली, पुन्हा उघडली आणि दोन ओळी लिहिल्या.

पंधरा दिवसांनी कागद आला. रेल्वेच्या डॉक्टरनं नाथाजीला पुन्हा तपासून लिहिलं होतं, की एक कान चांगला आहे, दुसऱ्या माणसाच्या नजरेखाली काम करायला हरकत नाही. नोकरी राहिली, मुकादमी गेली. नाथाजी साधा गँगमन झाला आणि कोंडीबा हंगामी मुकादम.

कोंडीबा म्हणाला, ‘खोली तुमीच ठेवा. मला माझी झोपडी बरी.’ नाथाजीनं ऐकलं नाही. त्यानं आणि विजयमालानं त्याच दिवशी भांडीकुंडी उचलून गँगच्या ओळीतल्या शेवटच्या झोपडीत नेली. या खेपेला अर्जुना आला आणि त्यानं ट्रंकेचं एक कडं धरलं.

आता नाथाजी रुळाच्या एका बाजूनं चिमटा धरून उभा राहायला लागला. मुकादम म्हणून काठावर उभं राहून जे दिसत नव्हतं ते ओझ्याखाली आल्यावर दिसायला लागलं. सकाळी माणसं तंबाखू मळत बसायची ती उगाच नव्हती. कोंडीबा त्या दहा मिनिटांत एकेकाला विचारून घ्यायचा. कुणाची कंबर धरलीय, कुणाच्या घरी आजारी आहे, कुणाची रात्र जागरणात गेली. त्यावरून तो ठरवायचा की कुणाला टिकाव द्यायचा, कुणाला घमेलं आणि कुणाला नुसतं बावटा घेऊन उभं करायचं. नाथाजीच्या हजेरीत बारा माणसं म्हणजे बारा माणसं होती. कोंडीबाच्या हिशेबात ती कधी साडेदहा असायची, कधी अकरा, आणि काम तेवढ्यांचंच काढलेलं असायचं.

श्रावणात तात्याबा परत आला. लंगडत चालत होता, ओझं उचलणं शक्य नव्हतं. नियमानं पाहिलं तर त्याला घरी पाठवायला हवं होतं. कोंडीबानं त्याला टोकाला उभं केलं आणि म्हणाला, ‘तू साद घाल. तुझ्या वाटनीचं आमी उचलतो.’ साहेबाला दिसलं असणारच, त्यानं विचारलं नाही.

तेव्हा नाथाजीला ती साद पहिल्यांदा खऱ्या अर्थानं ऐकू आली. तात्याबा दरवेळी तेच म्हणत नव्हता. एका डोळ्यानं तो सगळ्यांच्या छात्यांकडं बघायचा आणि श्वास जुळेपर्यंत ओळी वाढवत राहायचा. कुणी दमलेला दिसला तर म्हशीच्या गोष्टीतच ते घालायचा. ‘अर्जुनाची पाठ दुखतीया,’ ‘हं.’ ‘मधी घ्या रं पावन्याला,’ ‘हं.’ आणि माणसं हसत हसत सरकून अर्जुनाला मध्ये घ्यायची. एक-दोन-तीनमध्ये हे काही बसत नव्हतं. आकड्याला कुणाची पाठ दिसत नाही.

कानाचं कळल्यापासून गँगची वागणूक बदलली, पण कुणी तसं बोलून दाखवलं नाही. माणसं आपसूक त्याच्या उजव्या बाजूला यायची. काम चालू असलं की अर्जुना डाव्या हाताला उभा राहायचा आणि गाडीची शिट्टी झाली, कुणी हाक मारली, की त्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवायचा. बाळासोनं एकदा एवढंच म्हटलं, ‘आवं, आदीच सांगायचं न्हाई का. आमी काय वाघ हाय?’

कोंडीबाची मुकादमी मात्र सगळी सुरळीत होती असंही नाही. त्याला कुणाला नाही म्हणता यायचं नाही. माघी पौर्णिमेच्या एका जत्रेला त्यानं एकाच वेळी सहा जणांना सुट्टी दिली आणि तेवढ्यात साहेबाची ट्रॉली आली. कोंडीबानं मान खाली घालून बोलणी खाल्ली. रिपोर्टाचं बुक तर त्याला जहर वाटायचं. शनिवार आला की तो ते बुक घेऊन नाथाजीच्या झोपडीपुढं यायचा आणि नुसता उभा राहायचा. नाथाजी लिहून द्यायचा. हळूहळू बुकाबरोबर इतरही बोलणं व्हायला लागलं. पुढच्या आठवड्यात कुठलं काम आधी घ्यावं, कुठल्या वळणावर खडी खचतेय, कुणाला कधी सुट्टी द्यावी. नाथाजी सुचवायचा, कोंडीबा ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी तेच आपल्या तोंडानं गँगला सांगायचा. नाथाजीला सुरुवातीला ते थोडं बोचलं. मग लक्षात आलं की त्याच्या तोंडून गेलं की काम होतं.

पंचेचाळीस साली दसरा उलटल्यावर परतीचा पाऊस तीन दिवस धरून बसला. चौथ्या दिवशी तांबडं फुटायच्या सुमारास कोंडीबा स्वतः रूळ बघायला निघाला, कारण पावसात तो ते काम दुसऱ्यावर सोपवायचा नाही. सालप्याच्या अलीकडं ओढ्यावर एक दगडी मोरी होती. मोरी उभी होती, पण तिच्यामागचा मातीचा भराव पाण्यानं नेला होता. पंधरा-सोळा फूट लांब, दीड पुरुष खोल खड्डा, आणि वर रूळ-स्लीपर नुसते शिडीसारखे लोंबत होते. साडेआठला पुण्याकडून पॅसेंजर यायची होती.

कोंडीबानं हाकाटी केली. गँग धावत आली. बाळासो लाल बावटा आणि रुळावर ठेवायचे इशाऱ्याचे फटाके घेऊन लोणंदच्या दिशेनं पळाला, अर्जुना सालप्याच्या दिशेनं. गाड्या थांबतील एवढं झालं. पण खड्ड्याचं काय करायचं? माती ओली, टाकली की वाहून जात होती. कोंडीबा काठावर उभा राहून खाली बघत राहिला. मग वळून नाथाजीच्या उजव्या बाजूला आला.

‘तुमी बसऱ्याला कायतरी बघितलं असंल.’

‘बघितलंय,’ नाथाजी म्हणाला. ‘स्लीपरची थप्पी रचायची. तळाला दगड बसवून दोन उभे, दोन आडवे, परत दोन उभे. खालपासून रुळाच्या पोटाला टेकंस्तवर. आशा दोन थप्प्या. गाडी चालायच्या चालीनं जाईल.’

‘मग सांगा की मानसांना.’

‘मी तुमाला सांगतो. तुमी मानसांना सांगा. साद तात्याबाची.’

कोंडीबा धोतराचा काचा मारून खड्ड्यात उतरला.

जुने स्लीपर दोन-अडीच फर्लांगावर रचून ठेवलेले होते. दहा माणसांनी ते आणायचे, उतरवायचे, रचायचे. पाऊस झिमझिम चालूच. नऊ वाजेपर्यंत जेमतेम तीन थर झाले होते. तेवढ्यात थांबलेल्या पॅसेंजरमधून पंधरा-वीस शिपाई चालत आले. लढाई संपून घरी निघालेले, साताऱ्या-कऱ्हाडकडचे. घर चार-सहा तासांवर आलेलं, बसून राहवत नव्हतं. ‘सांगा काय करायचं,’ म्हणत ते थेट खड्ड्याकडं निघाले.

नाथाजीला बरं वाटलं. पलटणीची माणसं, तगडी. तो म्हणाला, ‘उतरा खाली.’

कोंडीबानं खालून हात वर केला. ‘न्हाई. खाली कुणी नगं.’ मग वर येऊन हळू आवाजात नाथाजीला म्हणाला, ‘त्यांला तात्याबाची साद ठावं न्हाई. ओल्या लाकडाखाली कुनाचा तरी पाय जाईल. त्यांनी तिकडनं हितवर आनावं. ही माझी काठी रोवली. काठीच्या अलीकडं आपली मानसं.’

नाथाजीनं शिपायांना तसं सांगितलं. एक तरणा शिपाई थोडा रागावला. त्याला नाथाजी म्हणाला, ‘गड्या, ही धा मानसं धा वर्सं येका श्वासात उचलत्यात. तू आन मी न्हाई उचलत.’ त्यातला ‘मी’ त्यानं सहज म्हटला होता, दोन वर्षांपूर्वी तो त्याच्या तोंडून निघाला नसता. शिपाई मग स्लीपर वाहायला लागले, आणि काम दुपटीनं पुढं सरकलं.

दहाच्या पुढं ट्रॉलीवाला साहेब भिजलेल्या छत्रीसह पोचला. खड्ड्यात माणसं, काठावर तात्याबा साद घालतोय, पलीकडं शिपायांची रांग. त्यानं विचारलं, ‘इथं मुकादम कोण आहे?’

कोंडीबानं नाथाजीकडं बोट केलं. त्याच वेळी नाथाजीनं कोंडीबाकडं केलं.

साहेबानं थप्प्या खालपासून वरपर्यंत पाहिल्या, एका जागी पाचर मारायला सांगितली आणि दगडावर बसून राहिला. साडेबाराला आधी त्याची ट्रॉली त्यावरून गेली, मग रिकामं इंजिन. थप्पी किंचित दबली आणि थांबली. मग इंजिन परत जाऊन डबे घेऊन आलं आणि माणूस चालतो त्या चालीनं सगळी पॅसेंजर पलीकडं गेली.

पुढच्या उन्हाळ्यात कोंडीबा आपण होऊन साहेबाकडं गेला. म्हणाला, ‘मला माझी चावी बरी. बुक लिहिनाऱ्याला मुकादम करा. आमची कुनाची ना न्हाई.’ साहेब म्हणाला, ‘त्याला ऐकू येत नाही.’ कोंडीबा म्हणाला, ‘आमाला येतंय की.’

सेहेचाळीसच्या आषाढात नाथाजी पुन्हा मुकादम झाला आणि मुकादमाच्या खोलीत परतला. शिट्टी त्यानं गाडीच्या इशाऱ्यापुरती ठेवली. सकाळच्या तंबाखूला तोही बसायला लागला. त्याला तंबाखूचं व्यसन नव्हतं, चिमूट हातात मळत बसायचा आणि शेवटी शेजाऱ्याला द्यायचा. सुट्ट्यांची यादी तो जत्रांच्या तिथी बघून महिनाभर आधी सगळ्यांसमोर ठरवायचा, त्यामुळं नाही म्हणायचं ओझं एकट्यावर येत नव्हतं. चुकलेल्याला तो बोलायचा, सगळ्यांदेखत बोलायचा आणि तिथंच संपवायचा. त्याच्यावर माणसांची माया होती असं म्हणता येणार नाही. तो फारसा जवळ येऊ देणारा नव्हता. पण त्याचा शब्द गँगमध्ये चालायचा आणि गँगचा शब्द त्याच्यापाशी चालायचा.

एकोणपन्नासच्या भाद्रपदात त्याला विषमज्वर झाला. तीन आठवडे तो खोलीत पडून होता. ताप उतरला की विजयमालाला विचारायचा, वळणावरची खडी ठोकली का, चाव्या ढिल्या तर नाहीत ना. ती म्हणायची, ‘झालं असंल. गाड्या तर येत्यात जात्यात.’ त्याला ते पटायचं नाही. एकदा तो भिंत धरून दारापर्यंत गेला आणि तिथंच बसला.

चौथ्या आठवड्यात साहेब आला. मुकादम आजारी म्हणजे लायनीचे हाल झाले असणार, या हिशेबानं त्यानं चारी मैल उतरून चालत पाहिले. मग खोलीपाशी येऊन बाहेर बाजेवर टेकलेल्या नाथाजीच्या उजव्या बाजूला बसला.

‘सगळं जागच्या जागी आहे,’ तो म्हणाला. ‘बुकसुद्धा लिहिलंय. कुणी लिहिलं?’

‘अर्जुनानं आसंल. दोन वर्सं शिकतोय माज्याकडं.’

‘मग तू नसल्यानं काय अडलं?’

साहेबाचं बोलणं नाथाजीला टोचलं. तीन आठवडे तो ज्याच्यासाठी तळमळत होता ते त्याच्यावाचून बिनबोभाट चाललं होतं.

‘काहीच नाही अडलं,’ साहेबानंच उत्तर दिलं. ‘नांद्र्याच्या बाजूला एक गँग आहे. दोन वर्षांत तीन मुकादम झाले, माणसं एकमेकांची तोंडं बघत नाहीत. बरा झालास की तिकडं जा. इथं अर्जुना बघेल, कोंडीबा आहेच.’

ही बढती नव्हती. काम तेच, खोलीही तशीच. नांद्रं आष्ट्याला जवळ, एवढंच विजयमालाला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी नाथाजीनं अर्जुनाला बोलावून सुट्ट्यांची यादी आणि पावसाळ्यात कुठं कुठं पाणी साचतं त्याची खूण दाखवली. कोंडीबाला सांगण्यासारखं काही नव्हतं. दोघं थोडा वेळ रुळावर बसले आणि उठले.

आश्विनात एका सकाळी ते लोणंदहून पॅसेंजरमध्ये बसले. नाथाजी खिडकीशी, विजयमाला त्याच्या उजवीकडं. सालप्याच्या अलीकडं गाडी हळू झाली, पुढं काम चालू असल्याचा बावटा होता. गँग अवजारं खाली ठेवून रुळापासून चार पावलं बाजूला उभी होती, नेहमी गाडीला उभी राहायची तशी. बाळासोनं त्याला ओळखून हात केला. तात्याबानं डोळे बारीक करून खिडक्यांकडं पाहिलं, त्याला बहुधा दिसला नाही. कोंडीबाच्या हातात हिरवा बावटा होता, त्यानं तो एकदा वर केला.

गाडीनं वेग घेतला. नाथाजीनं खिडकीतून मागं वळून पाहिलं, तेव्हा शेवटचा डबा त्यांच्यासमोरून पुरता गेलाही नव्हता आणि माणसं खाली वाकून चिमटे उचलत होती.